थर्माकोलच्या घराची वास्तुशांत

आमच्या वास्तुशांतीला आलेला प्रत्येक माणूस डोळे पुसत घराबाहेर पडला.

पुण्याच्या माझ्या चुलतभावाला त्या दिवशी येता आलं नव्हतं. त्यानं हे दृश्य मोबाईलवर पाहिलं आणि तो गहिवरून म्हणाला, "दत्ता, माणसं कमावलीस रे." मी काही बोललो नाही. काही न बोलणं हा माझा जुना धंदा आहे. वेल्ह्याच्या एका शाळेत मी प्रयोगशाळा सहायक आहे. परीक्षानळ्या धुताना कुणाशी बोलावं लागत नाही, म्हणून ती नोकरी मला मानवली. पण त्या दिवशी जी रडारड झाली तिचा कर्ता मी होतो, हे आता सांगूनच टाकतो. (सुमन, म्हणजे माझी बायको, म्हणते, "अख्ख्या गावाला ठाऊक आहे, लिहायचं कशाला?" गावाला ठाऊक आहे, पुण्याचा चुलतभाऊ अजून गहिवरलेलाच आहे.)

आमचं घर तोरण्याच्या अंगाला, खिंडीच्या अगदी तोंडाशी. वरून निघालेला वारा पहिला मुक्काम आमच्याकडे करतो. दोन वर्षांपूर्वी वळवाच्या वादळात घरावरचे पत्रे असे एकामागून एक निघाले, की जणू वेल्ह्याची एसटी लागली होती आणि त्यांना जागा पकडायची होती. एक ओढ्यापलीकडच्या आंब्यावर सापडला, एक कुणाच्या तरी खाचरात. एक सापडलाच नाही, तो बहुतेक कोकणात उतरला असावा. आई तेव्हा घरात एकटी होती. देवांचे टाक पदरात घेऊन ती खाटेखाली बसली होती, आणि वर बघितलं तर छपराच्या जागी आभाळ.

तेव्हापासून आईची झोप उडाली. आंब्याचं पान हललं की ती पायात चपला घालायची, टाकांचं गाठोडं काखेत मारायची आणि शेजारच्या बबनतात्यांच्या स्लॅबच्या घरात जाऊन बसायची. एकदा मी टेबलफॅन लावला तर तेवढ्यावर ती चपला शोधायला लागली.

बबनतात्या माणूस मनानं चांगला. जिभेबद्दल मी बोलत नाही. सकाळी मी आईला आणायला गेलो की ओट्यावर बसून मिसरी लावता लावता म्हणायचे, "म्हातारी सुखरूप हाय बरं का आमच्या स्लॅबखाली. तू तुझं पत्रं मोजून घे."

मी पत्रे मोजत नव्हतो, पण बोलतही नव्हतो. आईनं वाऱ्यापावसातही शांत झोपावं, आणि आपल्या स्वतःच्या घरात झोपावं, एवढंच मला हवं होतं. स्लॅबचा विचार मीही केला. पण आमच्या घरापर्यंतच्या चढावर खडी-वाळूचा डंपर येत नाही. (एकदा आला होता. तो परत नेण्यासाठी दुसरा आणावा लागला.)

अशात पानशेतला एका पुणेकराचं सुट्टीतलं घर उभं राहताना पाहिलं. विटा नाहीत, वाळू नाही. क्रीमच्या बिस्किटासारखी मोठमोठी पॅनेलं होती. दोन्ही बाजूंना टणक फळ्या आणि मधे थर्माकोलसारखा पांढरा जाड थर. एक पॅनेल दुसऱ्याच्या खाचेत बसवायचं, फटी फेसानं भरायच्या, भिंती जोत्याला बोल्टनं आवळायच्या आणि छप्पर भिंतींना लोखंडी पट्ट्यांनी जखडायचं. तिथल्या इंजिनियर मॅडम म्हणाल्या, "वारा एकट्या छपराला उचलूच शकत नाही. न्यायचं तर त्याला जोत्यासकट सगळं घर न्यावं लागेल." मी त्याच दिवशी ठरवलं. मी ठरवतो भराभर. सांगायलाच मला वेळ लागतो.

आईला सांगितलं तेव्हा नेमके बबनतात्या चहाला बसले होते.

"थर्माकोलचं?" तात्यांनी कप खाली ठेवला. "गनपतीच्या मखराचं असतंय त्येच?"

"तसंच, पण दाबलेलं. आणि दोन्ही बाजूंनी फळ्या."

"मग धा दिसांनी इसर्जन करायचं का घराचं?"

आई हसली नाही. ती म्हणाली, "म्या न्हाई जायाची मखरात बसाया."

पॅनेलं आली त्या दिवशी टेम्पो देवळाच्या वळणावर थांबला. तिथून पुढं माणसांनी वाहायचं. मदतीला आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, हिर्डोशीहून दोन एसट्या बदलून आले होते. दाजींचा उत्साह मोठा आणि कुणाचं ऐकण्याची सवय कमी. एक पॅनेल दोघांनी धरायचं असं ठरलेलं असताना त्यांनी एक एकट्यानंच उभं करून पाठीवर घेतलं. बरोबर त्याच वेळी खिंडीतून वारा आला. पॅनेलाचं शीड झालं! दाजींनी ते सोडलं असतं तर काहीच झालं नसतं. पण दाजी वस्तू सोडणाऱ्यातले नव्हेत. ते धावू लागले. म्हणजे पाय त्यांचे होते, पण दिशा वाऱ्याची होती. बांधावरून ते खाचरात उतरले, त्या खाचरातून खालच्या खाचरात, आणि शेवटी बबनतात्यांच्या कुडाच्या गोठ्याला जाऊन टेकले.

तात्या बाहेर येऊन म्हणाले, "जावईबापू, भिंत हितं लावायची न्हवती."

आई उंबऱ्यातून सगळं पाहत होती. "वाऱ्याला टिकणारं घर म्हणं," ती म्हणाली. "आजून बांधलं न्हाई तर भिंत निघाली बी." आणि तिनं चपला घातल्या.

नवं घर मात्र जुन्याच्या शेजारी बघता बघता उभं राहिलं. सकाळी मी शाळेत जाताना जोतं असे आणि संध्याकाळी परतलो की जोत्यावर एक खोली असे. गावातून बघायला माणसं येऊ लागली. येणारा प्रत्येक जण आधी भिंतीवर टकटक करी, मग कान लावी आणि मग माझ्याकडे दयेनं पाही. कुणी विचारलं, इथं दुधाचं शीतगृह होणार का. एका म्हातारबाबांनी तर सगळं घर फिरून पाहिलं, भिंतीवरून हात फिरवला आणि मनापासून विचारलं, "ब्येस झालंय. आता खरं घर कवा बांधणार?"

या सगळ्यात माझं लक्ष फक्त आईकडे होतं. घर पुरं झाल्यावर तिनं तपासणी केली. हातात पेटती उदबत्ती घेऊन ती भिंतीभिंतीनं फिरली. धूर कुठं हलतो ते बघत होती. दारापाशी धूर सरळ, खिडक्यांपाशी सरळ. छपराजवळ मॅडमनी झडपांची वाटोळी भोकं ठेवली होती, तिथं स्टुलावर चढून तिनं उदबत्ती धरली. धूर थरथरला.

"हितनं वारा येतोय," आई म्हणाली. स्टुलावरून उतरली आणि तडक घरी, म्हणजे जुन्या घरी, गेली.

ती भोकं मुद्दाम ठेवलेली होती. मॅडमनी मला बजावलं होतं, "घराला कुठंच फट नाही, त्यामुळे हवा खेळायला एवढी वाट हवीच. ही बुजवू नका." मी मान डोलावली होती. (माझ्या मान डोलावण्यावर विसंबून आजवर पुष्कळ लोक फसलेत.) पण आईचं ते एक वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. एवढं सगळं केलं आणि चार बोटं रुंदीच्या भोकासाठी ती तात्यांच्या स्लॅबखालीच जाणार? फटी भरायच्या फेसाचा एक डबा कारागीर विसरून गेले होते. घरात कुणी नाही असं बघून मी स्टुलावर चढलो आणि सगळी भोकं फेसानं भरली.

तो फेस फुगतो हे मला माहीत होतं. किती फुगतो, हे माहीत नव्हतं. चहा पिऊन परत आलो तर प्रत्येक भोकातून पावसाळ्यातल्या अळंबीसारखी एकेक छत्री बाहेर आली होती. मी ती विळीनं कापली, वरून पांढरा रंग फासला आणि आईला बोलावून आणलं. उदबत्तीचा धूर दोऱ्यासारखा सरळ वर गेला.

"आता कसं," आई म्हणाली. "वास्तुशांत घाला. मग बघू."

मला इतका आनंद झाला की मी तो कुणालाही सांगितला नाही.

वास्तुशांतीचा दिवस आला. होमासाठी आंब्याची लाकडं दाजींनी हिर्डोशीहून आणली. अंगणात मांडव घातला, पुरणाचा वास सुटला, मोठ्या खोलीत विटांचं कुंड मांडलं. गुरुजी वेल्ह्याहून आले. मी आणि सुमन पाटावर बसलो, माझ्या उपरण्याची आणि तिच्या शेल्याची गाठ मारली गेली. माणसं दाटीवाटीनं उभी होती. जितकी पूजेला आली होती त्याहून जास्त भिंतीवर टकटक करायला आली होती.

वारा सुटला होता आणि गुरुजींच्या समया पेटत्या राहीनात. ते म्हणाले, "यजमान, खिडक्या लावून घ्यायला सांगा."

हे वाक्य ऐकण्यासाठीच मी घर बांधलं होतं. खिडक्या लावल्या, दार लावलं. समईची ज्योत अशी थांबली की चित्रातली वाटावी. मी आईकडे पाहिलं. आईनं ज्योतीकडे पाहिलं. तिचा चेहरा थोडा सैल झाला. गुरुजींनी होम पेटवला.

आता, आमच्या भागात घरातल्या धुराचा विचार कुणी करत नाही. चुलीचा असो की होमाचा, तो कौलांतून, पत्र्यांच्या फटींतून आपला आपण निघून जातो. त्याला जा म्हणावं लागत नाही. इथंही तो सवयीनं वर गेला, छपरापाशी जरा घोटाळला, आणि वाट न सापडल्यामुळे खाली परत आला. माझ्यासमोर उभ्या असलेल्या बबनतात्यांची आधी टोपी दिसेनाशी झाली, मग डोकं, मग खांदे. धुरातून त्यांचा फक्त आवाज आला, "दत्ता, मखरात ढग बी ठेवलेत व्हय रं?"

गुरुजी कसलेले होते. त्यांनी मंत्रांचा वेग वाढवला. "यजमान, स्वाहा म्हणा."

"स्वा..." मला ठसका लागला.

"अर्धा चालत नाही. पुन्हा."

इथं मला एक गोष्ट कबूल करायची आहे, आणि तिची लाज मला फेसापेक्षा जास्त वाटते. पेटत्या मेणबत्तीवर काचेचा ग्लास उपडा ठेवला की काय होतं, हा प्रयोग सातवीच्या वर्गासाठी दरवर्षी मी मांडतो. ग्लास मीच पुसतो, मेणबत्ती मीच लावतो. त्या ग्लासाच्या आत बसून स्वाहा म्हणेपर्यंत मला त्या प्रयोगाची आठवण झाली नाही!

झाली तेव्हा मी ताडकन उठलो. उपरण्याच्या गाठीमुळे सुमनही उठली, तिच्या पायाशी असलेला तांदळाचा चौरंग कलंडला.

"मधे उठता येत नाही," गुरुजी म्हणाले. "संकल्प झालाय."

"गुरुजी, खिडकी..."

"अहो, आधी गाठ सोडा!" सुमन ओरडली.

मी तिला तशीच ओढत खिडकीपाशी गेलो. खिडक्यांना वादळाच्या कड्या होत्या. आधी वर उचलायची, मग फिरवायची. की आधी फिरवायची, मग उचलायची? डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मी उचलत होतो तेव्हा सुमन फिरवत होती आणि मी फिरवायला लागलो की ती उचलत होती. तिकडं दार आत उघडणारं, आणि सगळी माणसं त्यालाच रेटून उभी.

"मागं सरा, मागं सरा!" दाजींचा आवाज.

"मागं कुठं सरू? मागं भिंत हाय," तात्या म्हणाले.

"थर्माकोलची हाय ती. ढकला की," धुरातून कुणीतरी ओरडलं.

तात्यांनी पाठ लावून जीव खाऊन भिंत ढकलली. जन्मभर नांगर धरलेला गडी तो, पण भिंत केसभर हलली नाही. "न्हाई हो हलत," ते खोकत म्हणाले. त्या घराला मिळालेली ती पहिली शाबासकी होती, पण ती घ्यायला मला उसंत नव्हती.

शेवटी कुणीतरी दार उघडलं आणि सगळं गाव एकदम अंगणात सांडलं. सगळ्यात शेवटी गुरुजी आले. हातात कलश, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. उरलेले मंत्र त्यांनी तुळशीपाशी पुरे केले. पुण्याच्या चुलतभावानं पाहिलं ते यानंतरचं दृश्य. बायका पदरानं, पुरुष टोपीनं डोळे पुसताहेत, आणि मधे मी हात जोडून उभा आहे.

मग सगळ्यांच्या नजरा लाकडांकडे वळल्या.

"लाकडं वली असनार," तात्या म्हणाले. "जावईबापू, हिर्डोशीला पाऊस लई न्हाई का?"

"वाळलेली होती," दाजी म्हणाले. "माळ्यावरची."

"वाळल्याली लाकडं असा धूर करत्यात व्हय?"

माणसांनी माना हलवल्या. कुणीतरी हसलं. दाजींना आहेराची टोपी आणि टॉवेल नुकताच मिळाला होता. त्यांनी टोपी काढली, टॉवेलाची घडी घातली आणि दोन्ही ओट्यावर ठेवलं. "येतो आम्ही," ते ताईला म्हणाले. ताईच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं, आणि ते धुराचं नव्हतं.

आई नव्या घराच्या दाराकडे बघत म्हणाली, "लाकडाचं काय न्हाई. ह्या घराला श्वासच न्हाई. म्या नाय बाबा ऱ्हायची हितं."

मी नेहमीप्रमाणे गप्प उभा होतो. गप्प राहिलो असतो तर दाजी हिर्डोशीला गेले असते आणि आई तात्यांच्या स्लॅबखाली. दोन्ही कायमचे. घसा धुरानं बसला होता, तरी मी बोललो.

"भोकं मी बुजवली."

"कसली भोकं?"

"हवेची. वरची. फेस भरला आणि रंग दिला."

आयुष्यात पहिल्यांदाच एवढी माणसं माझ्या पुढच्या वाक्याची वाट बघत होती, आणि माझ्याकडे पुढचं वाक्य नव्हतं.

"कशापायी रं?" आईनं विचारलं.

"तूच म्हणालीस, हितनं वारा येतोय."

आईनं कपाळावर हात मारला. "अरं, मग मला सांगायचं की त्ये हवंचं भोक हाय म्हनून. तोंड हाय का न्हाई तुला?"

"म्हणजे माझी लाकडं वाळलेली होती," दाजी म्हणाले. त्यांनी टोपी परत घातली. मग मांडवात प्रत्येकापाशी जाऊन, पंगत बसली तरी वाढता वाढता, ते हेच सांगत राहिले. "पुरणपोळी घ्या. लाकडं वाळलेली होती बरं का. तूप घ्या."

पंगतीआधी मी विळी घेऊन पुन्हा स्टुलावर चढलो. पहिलं भोक मोकळं केलं आणि बाहेरच्या बाजूला धुराची जाड दोरी निघाली. अंगणात उभ्या असलेल्या तात्यांनी ती बघितली. "आता म्हटलं तर घर वाटतंय," ते म्हणाले. सगळे हसले आणि आईही हसली. पण राहण्याचं विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "एक वारं तरी जाऊ दे अंगावरनं. मग सांगते." ती राहायला आली, पण गाठोडं उशाशी आणि चपला खाटेखाली ठेवून.

ते वारं वैशाखातच आलं. सुमन माहेरच्या लग्नाला गेली होती आणि मी वेल्ह्याच्या बाजारात होतो. दुपार कलली आणि आभाळ काळं झालं. मी मोटरसायकल काढली. वाटेत फांद्या पडत होत्या, पाऊस आडवा येत होता, आणि माझ्या डोळ्यांपुढं एकच चित्र होतं, गाठोडं घेऊन त्या वाऱ्यात वाट काढणारी आई. मी आधी तात्यांकडे थांबलो.

"आई आहे ना?"

"न्हाई आली," तात्या म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "मला वाटलं तू घरी हायेस."

मी धावत घर गाठलं. दाराला आतून कडी. थापा मारल्या, हाका मारल्या. आतून काही नाही. खिडकीच्या काचेला डोळे लावले. आई खाटेवर आडवी होती, हलत नव्हती. मी काचेवर मूठ आपटली. ती तरीही हलली नाही.

मग आईनं नाक खाजवलं आणि कूस बदलली.

ती झोपली होती. मागं जुन्या घराच्या पडवीच्या पत्र्याचा एक तुकडा खडखडत उडून गेला, आंबा पिळवटत होता, आणि माझी आई गाढ झोपली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी पुन्हा मूठ उचलली होती, ती खाली घेतली. वळचणीला, मावेल तितकं अंग आत घेऊन, मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. वाऱ्यानं माझी टोपी नेली, मग बाजाराची पिशवी नेली, मग पिशवीतली कोथिंबीर एकेक काडी करून माझ्या तोंडावर परत आणून टाकली.

वादळ ओसरल्यावर दार उघडलं. आई जांभई देत बाहेर आली. तिनं ओलं अंगण पाहिलं, मग मला.

"आलास व्हय? पाऊस झाला का काय रं?"

"थोडासा," मी म्हणालो.

"घर झ्याक बांधलंस बग. आता म्या हितंच." आणि ती चहा ठेवायला आत गेली.

मी दारात थांबून सदरा पिळला. बाहेरून उघडेल अशी कडी ठेवायचं मला सुचलंच नव्हतं. मला मात्र त्या घराबद्दल काही तक्रार नाही. वादळाला आणि मला, दोघांनाही त्यानं सारख्याच इमानदारीनं बाहेर ठेवलं.